चष्मेवाल्या ताईंचा अर्धा प्रश्न

ताई आमदार झाल्या, दुसऱ्यांदाही निवडून आल्या, तरी लोकांच्या तोंडी त्या 'चष्मेवाल्या ताई'च राहिल्या. सत्ताधारी बाकांवरची मंडळी हे नाव टोमणा म्हणून घेत आणि मतदार मायेनं घेत. कोण कोणत्या अर्थानं हाक मारतंय ते आवाजावरून ओळखावं लागे.

नाव मात्र खोटं नव्हतं. मुख्य रस्त्यावर, औषधांच्या दुकानाला चिकटून, नवराबायकोचं चष्म्यांचं दुकान होतं. पुढच्या खोलीत भिंतभर फ्रेमा, एक आरसा आणि डोळे तपासायची उंच खुर्ची. मागच्या खोलीत ताईंचे यजमान काचा घासत बसायचे. घासायच्या चाकावर सतत पाणी ठिबकायचं, त्यामुळे त्यांच्या बोटांची टोकं बारा महिने पांढरी आणि सुरकुतलेली असत. डोळे तपासणं ताईंकडे. काच बदलायची आणि विचारायचं, "ही बरी, की आधीची?" दिवसभर हेच. निम्मी माणसं सांगत, "दोन्ही सारखंच." मग ताई म्हणत, "असं कसं सारखंच? नीट बघा."

राजकारणात त्या कशा आल्या, तर एका हरवलेल्या कार्डामुळे. जवळचं वाचायला द्यायचं छापील कार्ड कुणीतरी चुकून खिशात घालून नेलं. नवीन येईपर्यंत ताई गिऱ्हाइकाला म्हणायला लागल्या, "तुमच्या खिशात काय असेल ते काढा आणि वाचा." चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या खिशातून काय निघणार? बँकेची नोटीस.

"वाचा."

"आपल्या गृहकर्जाचा व्याजदर… सुधारित…"

"अक्षर दिसतंय ना?"

"अक्षर दिसतंय हो ताई. पण हे काय म्हणतायत ते काही दिसत नाही."

मग ताई स्वतःच वाचायच्या. नवीन कार्ड आलं, ते खणात पडून राहिलं. कारण ताईंच्या एव्हाना लक्षात आलं होतं, की निरनिराळ्या खिशांतून एकच वाक्य बाहेर पडतंय.

ते वाक्य 'मोठ्या बँके'चं होतं. ही बँक एकदा स्वतःच्या करणीनं बुडाली होती. सरकारनं लोकांच्या पैशातून तिला वर काढलं, आणि तेव्हापासून अर्ध्याहून जास्त बँक सरकारच्याच मालकीची होती. तिची जुनी घरकर्जं स्वस्त होती. देशाच्या मध्यवर्ती बँकेनं दर खाली आणला, की आपला हप्ताही खाली यायचा. पुढे बँकेनंच लोकांना समजावलं, की काही वर्षं ठरलेला हप्ता घ्या, डोक्याला ताप नको, मुदत संपली की आपल्या जुन्या दरावर परत या. लोक गेले. मुदत संपल्यावर परत आले, तर दाराला कुलूप. "तो दर आता बंद झालाय," खिडकीतून उत्तर मिळालं. ताई आधी त्या खिडकीशी भांडल्या, मग बँकेच्या पायऱ्यांवर बसल्या, आणि एक दिवस विरोधी पक्षाच्या पुढाऱ्यांनी त्यांना तिथून उठवून थेट उमेदवार केलं. या पुढाऱ्यांना सगळे 'साहेब' म्हणत.

खिशातून नोटीस काढणाऱ्यांत एक लिफ्टवाला होता. दवाखान्याच्या, कचेऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा. कुठल्याही इमारतीत शिरला, की मान वाकडी करून आधी लिफ्टचा आवाज ऐकायचा. त्याचा हप्ता वाढला, तो वाढत्या हप्त्यामागे धावला, दमला, मागे पडला. आता बँक त्याच्या घराचा ताबा मागत कोर्टात गेली होती आणि शुक्रवारी निकालाची तारीख होती. दर तारखेला बँकेचा वकील एकच पालुपद लावायचा, "बँकेचा व्यवहार सरकारनं तपासलाय. गैर काही आढळलेलं नाही."

ताईंनी लिफ्टवाल्याला शब्द दिला. "भाऊ, शुक्रवारच्या आत सरकारकडून सभागृहात वदवून घेते, की जुना दर कधी परत देणार. ती तारीख हातात घेऊनच कोर्टात जा."

"तारखेवर तारीख मारायची म्हणजे," लिफ्टवाला हसला. त्याची बायको हसली नाही.

सभागृहात प्रश्न विचारायची एक ठरलेली रीत होती. पहिल्या भागात विचारायचं, 'अमुक झाले, हे खरे आहे काय?' दुसऱ्यात, 'असल्यास, सरकारने कोणती कारवाई केली व कधीपर्यंत करणार?' तिसऱ्यात, 'नसल्यास, कारणे काय?' उत्तराचीही रीत ठरलेली. ताई निवडून आल्यापासून त्यांच्या प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर येत होतं. 'हे खरे नाही. उर्वरित प्रश्न उद्भवत नाही.' घरी तर ती म्हणच झाली होती. ताईंनी विचारावं, "अहो, भाजी आणलीत का?" आणि मागच्या खोलीतून यजमानांनी सांगावं, "हे खरे नाही. पिशवीचा प्रश्न उद्भवत नाही."

प्रश्नाला शब्दांची मर्यादा होती. या वेळी ताईंना पहिल्या भागात सगळं कोंबायचं होतं. दर कधी बंद केला, कुणाच्या हुकमानं, सरकारला ते कधी कळलं. मंत्र्याला निसटायला फटच ठेवायची नाही. शब्द पुरेनात. म्हणून त्यांनी दुसरा आणि तिसरा भाग काढूनच टाकला. जे कधी उद्भवतच नाही, त्यावर शब्द कशाला खर्चायचे?

यजमानांनी भिंगातून कागद पाहिला. "अगं, शेपूट कुठं गेलं?"

"कापलं. नाहीतरी हलत कुठं होतं?"

उत्तर झालं, की एक उपप्रश्न विचारता येई. ताईंची सगळी भिस्त त्या उपप्रश्नावर होती. मंत्री नाकारणार, मग आपण पुरावे काढणार, मग तारीख मागणार. सगळं लिहून, पाठ करून तयार.

त्या दिवशी लिफ्टवाला इस्त्रीचा शर्ट घालून बायकोसह प्रेक्षकांच्या सज्जात बसला होता. खाली ताईंच्या पुढच्या बाकावरचे आमदार नेहमीसारखे पेंगत होते. अर्थमंत्री नवे होते, नुकतेच दुसऱ्या खात्यातून आलेले. किडकिडीत, हळू बोलणारे. त्यांचा चष्मा डाव्या कानाकडून वाकडा होता, हे ताईंच्या नजरेनं सवयीनं टिपलं. मंत्री उठले. कागदाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं.

"होय, हे खरे आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

पेंगणारे आमदार जागे झाले. अधिकाऱ्यांच्या कक्षात माना वर झाल्या.

"ताई, उपप्रश्न," अध्यक्ष म्हणाले. ताईंच्या पुढ्यातल्या माइकवर लाल दिवा लागला. दिवा लागला, की तोंड उघडायचं ही सवय. हातातला कागद समोर होता.

"अध्यक्ष महोदय, मंत्रिमहोदयांनी अपेक्षेप्रमाणे हे नाकारलं आहे—"

हास्याचा स्फोट झाला. त्यात ताईंच्या बाजूचेही काही होते.

"ताई, ते होय म्हणालेत."

"हो. म्हणजे… होय म्हणालेत, तर मग…" ताईंनी घाईनं कागद उलटला. पुढची ओळ डोळ्यांपुढे आली आणि तोंडातून निघूनही गेली. "हे उत्तर सभागृहाची दिशाभूल करणारं आहे!"

"ताई, चष्मा बदला!" समोरून कुणीतरी ओरडलं.

"मला विचारायचंय, की… जर खरं आहे… तर…"

"वेळ संपला. पुढचा प्रश्न."

दिवा विझला. पुढचा प्रश्न पुलांच्या रंगकामाचा होता.

बाहेर मार्गिकेत साहेब दोन्ही हात पसरून उभे होते. "ताई, कमाल केलीत! सरकारची कबुली! आजवर कुणाच्या बापाला जमलं नव्हतं."

"साहेब, पण मी पुढचं विचारलंच नाही."

"पुढचं कशाला? 'होय' एवढंच मथळ्याला पुरतं. लांबलं की कोण छापतंय?"

"पण लोक हसले ना."

"हसू द्या. टीव्हीवर फक्त मंत्र्याचं 'होय' दाखवणारेत. तुमचं काही दाखवणार नाहीत, मी बोलून ठेवलंय."

हे ऐकून बरं वाटून घ्यायचं की वाईट, ते ताईंना समजेना. तेवढ्यात लिफ्टवाला आणि त्याची बायको जिना उतरून आले.

"ताई, आपण जिंकलो ना?" लिफ्टवाल्यानं विचारलं.

बायको पुढे झाली. "तारीख काय म्हणाले?"

"तारीख… नाही म्हणाले."

"नाही म्हणाले म्हणजे? देणार नाही म्हणाले?"

"नाही हो वहिनी. काहीच म्हणाले नाहीत."

"पण होय म्हणाले की!"

"होय म्हणाले."

"मग कशाला होय म्हणाले?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं जिन्याशेजारच्या लिफ्टकडे पाहिलं. ती निदान ऐकल्यावर कळत होती.

ताई तडक मंत्र्यांच्या दालनात गेल्या. भांडायचं ठरवून गेल्या, पण कशावरून भांडायचं हे वाटेत ठरेना. 'खोटं बोललात' म्हणावं, तर माणूस खरं बोललेला.

"तुम्ही होय का म्हणालात?" त्यांनी उभ्यानंच विचारलं.

मंत्र्यांनी भुवया उंचावल्या. "खरं आहे म्हणून. बसा ना."

"आजवर कुणी म्हणालं नाही."

"आजवर मी नव्हतो."

"मग जुना दर कधी परत देणार?"

"ते तुम्ही विचारलंच नाहीत, ताई."

"आता विचारतेय की!"

"आता विचारून काय उपयोग? मी आपल्या मनानं काही जाहीर करायचं, तर आधी मंत्रिमंडळाची परवानगी लागते. सभागृहात विचारलेल्याचं उत्तर द्यायला ती लागत नाही. दुसऱ्या भागासाठी मी टिपण लिहून आणलं होतं. पाहतो, तर दुसरा भागच नाही."

ताई समोरच्या खुर्चीत बसल्या. "काय होतं त्या टिपणात?"

मंत्री हसले. "आता तो प्रश्न उद्भवत नाही."

ही थट्टा होती, की खंत, की चक्क जिरवणं? ताईंनी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि त्यांना दिसला तो फक्त वाकडा चष्मा. सवय वाईट. "इकडे द्या तो," त्या म्हणाल्या. बोटांत धरून काडी हलकेच वाकवली, डोळ्यांच्या रेषेत धरून तपासली, पदरानं काचा पुसून परत दिला. मंत्र्यांनी तो लावला.

"अरे वा! आता नाकावरून घसरत नाही."

दालनाबाहेर आल्यावर ताईंच्या लक्षात आलं, की आपण सरकारला धारेवर धरायला गेलो होतो आणि त्याचा चष्मा दुरुस्त करून आलो.

संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर त्या स्वतःच उंच खुर्चीत जाऊन बसल्या. यजमान हात पुसत बाहेर आले. सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी ताईंच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि गंभीर चेहऱ्यानं एक काच घातली. "बघ. माणूस सरळ आहे. खरं बोलायची संधी शोधत होता, तू ती अर्धीच दिलीस." काच बदलली. "किंवा बघ. माणूस बेरकी आहे. शेपूट नाही हे पाहिलं आणि फुकटात होय म्हणून मोकळा झाला. कुठली बरी?"

"दोन्ही सारखंच," ताई म्हणाल्या.

"असं कसं सारखंच? नीट बघ."

"अहो, थट्टा पुरे. शुक्रवारी त्या माणसाचं घर जाईल. मी शब्द दिला होता." त्यांनी फ्रेम काढून ठेवली. "शेपूट मी कापलं. माझ्या हातानं."

यजमानांनी दोन्ही काचा पुसून पेटीत ठेवल्या.

शुक्रवारी ताई कोर्टात गेल्या. बोलायचा अधिकार नव्हता, म्हणून मागच्या बाकावर वहिनींशेजारी बसल्या. वहिनींनी थोडं सरकून जागा दिली, नजर मात्र समोरच ठेवली. लिफ्टवाल्याकडे वकील नव्हता. सभागृहातल्या प्रश्नोत्तराचं छापील पान तेवढं होतं, ते त्यानं आदल्या दिवसापासून शर्टाच्या आत जपून ठेवलं होतं.

बँकेच्या वकिलानं पालुपद सुरू केलं. "बँकेचा व्यवहार सरकारनं तपासलेला आहे—"

"बाईसाहेब, हे," लिफ्टवाल्यानं पान पुढे केलं.

न्यायाधीश बाईंनी वाचायचा चष्मा लावला. ताईंचा लांबलचक प्रश्न त्यांनी सावकाश वाचला. मग उत्तर वाचलं. पान उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"यापुढे काही नाही?"

"नाही, बाईसाहेब."

"सरकार काय करणार, कधी करणार, काहीच नाही?"

ताईंना बाकाखाली जावंसं वाटलं. बँकेचा वकील मात्र खुलला. "तेच म्हणतोय मी. काहीच नाही! म्हणजे सरकारला यात काही करायचं नाही."

"थांबा हो," न्यायाधीश म्हणाल्या. "सरकार कारवाई करतंय असं यात लिहिलेलं असतं, तर मी या गृहस्थांना सरकारच्या दारी पाठवलं असतं आणि बँकेचा ताब्याचा अर्ज मंजूर करून मोकळी झाले असते. त्यांचं ते बघून घेतील म्हणून. पण इथं एवढंच म्हटलंय, की तुमच्या बँकेनं हे केलं. म्हणजे पुढचं माझ्यावर आलं." त्यांनी चष्मा खाली केला. "तुम्ही हे नाकारता का?"

वकिलानं हातातले कागद पुन्हा चाळले. अर्ध्याहून जास्त बँक सरकारची. मालक होय म्हणाला, तर नोकरानं नाही कसं म्हणावं?

"मला… विचारून सांगावं लागेल."

"विचारून या. तोवर या घराला हात लावायचा नाही, आणि हप्ता जुन्या दरानं घ्यायचा. पुढचं प्रकरण."

तिघं कोर्टाच्या पायऱ्यांवर आली. लिफ्टवाला दोनदा खिसा चाचपून म्हणाला, "ताई, आता तरी जिंकलो का?"

"घर आहे भाऊ. आज घर आहे."

"आणि उद्या?"

"वकील विचारून आल्यावर कळेल."

वहिनींनी डोळे पुसले, आणि मग एकदम ताईंचा हात धरला. "ताई, तुम्ही मुद्दामच अर्धा विचारलात ना? आम्हाला सांगायचं तरी! मी तुम्हाला मनात काय काय बोलले."

ताईंनी तोंड उघडलं. 'नाही हो, माझी चूक झाली' हे वाक्य ओठांपर्यंत आलंही होतं. पण चूक म्हणावी, तर घर वाचलेलं. शहाणपण म्हणावं, तर आपल्याला ठाऊक की ते नव्हतं. "वहिनी, खरं सांगू का, मला काहीच कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. वहिनींना तो विनय वाटला.

दुपारी साहेबांचा फोन आला. "कळलं का? अर्थमंत्र्यांना हलवलं. क्रीडा खातं दिलं."

"का? होय म्हणाले म्हणून?"

"कुणी म्हणतं शिक्षा, कुणी म्हणतं त्यांनीच मागून घेतलं. जुने खेळाडू आहेत म्हणे. ते जाऊ द्या, तुम्ही नवा प्रश्न टाका. या वेळी शेपटासकट."

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. कोर्टातली बातमी रस्ताभर झाली होती, आणि माणसं डोळे तपासायला म्हणून येत होती, पण खुर्चीत बसायच्या आधीच खिशात हात घालत होती. ताईंनी प्रश्नाचा कोरा कागद पुढे ओढला. पहिला भाग झरझर लिहून झाला. 'हे खरे आहे काय?' तिथं पेन थांबलं. शेपूट लावलं, तर कदाचित सगळ्यांना एकदम दर मिळेल, किंवा 'कारवाई चालू आहे' असं गुळमुळीत उत्तर येईल आणि कोर्टाची दारंही बंद होतील. नाही लावलं, तर या एकेका माणसानं ते पान शर्टात घालून एकेकट्यानं कोर्टाची पायरी चढायची. शिवाय नवा मंत्री आता होय म्हणेल की नाही, कुणास ठाऊक.

मागच्या खोलीत चाक थांबलं. यजमान दारात आले. "काय, शेपूट लावायचं की कापायचं?"

समोर खुर्चीत एक म्हातारी बाई नोटीस डोळ्यांशी धरून बसली होती. नाकावर तपासणीची फ्रेम, फ्रेममध्ये एकच काच.

"दिसतंय का, आजी?"

"दिसतंय की. पण आता पुढं काय करायचं गं?"

ताईंनी पेन उचललं. 'असल्यास,' एवढं लिहिलं, आणि आजींसाठी दुसरी काच शोधायला उठल्या.